सल्ला हवा: जुन्या ७४ सिरीजच्या आयसींचं डिजिटल घड्याळ – मेन्स की क्रिस्टल, चार आकडे की सहा?

खटपट्या

नमस्कार मंडळी. मामांनी सांगलीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आवरलं तेव्हा आयसींनी भरलेला एक डबा माझ्याकडे आला. त्यातून भिंतीवर लावण्याजोगं डिजिटल घड्याळ करायचं मनात आहे. डब्यात ७४९० (दहाचे काउंटर) पाच आहेत (तीन साधे, दोन एलएस म्हणजे कमी वीज खाणारे), ७४९२ (हेही काउंटरच) दोन, ७४४७ (काउंटरचा आकडा डिस्प्लेवर काढणारे डिकोडर) चार, ७४०० (प्रत्येकात चार नँड गेट) मूठभर आणि एफएनडी५०७ डिस्प्ले चार. सर्किट वाचता येतं, डाग बरे देतो. टीटीएलशी (या ७४ सिरीजच्या आयसींशी) मात्र कॉलेजनंतर संबंध आलेला नाही.

विचारायचं ते असं. सेकंदासकट सहा आकडे करावेत, की चारवर भागवावं? वेळेचा आधार घरातल्या विजेच्या (मेन्सच्या) ५० हर्ट्झचा घ्यावा की क्रिस्टलचा? १२ तासांचं करावं की २४? ७४९२ चा काही उपयोग होईल का? आणि काही आयसींवर नंबराखाली ८४२३, ८५४० असे आकडे छापलेत, ते काय?

मायक्रोकंट्रोलर नको, हे आधीच सांगून ठेवतो.

शून्य_एक

नको म्हणालात तरी बोलतोच. एक एटीमेगा मायक्रोकंट्रोलर आणि एक आरटीसी (वेळ सांभाळणारं) मॉड्यूल घेतलं की काम संपलं. वीज गेली तरी वेळ जात नाही, गजरही लावता येतो. जुने आयसी शोकेसमध्ये ठेवा.

चाळीस_वॅट

@शून्य_एक, मग बाजारातून तयार घड्याळच का आणू नये? तेही चालतं, शिवाय वॉरंटी मिळते. :)

डाग_देणारा

खटपट्या, डबा नशीबवान आहे तुमचा. सामानाची यादी वाचली आणि कागदावर मांडून पाहिलं. चार आकड्यांचं, २४ तासांचं, क्रिस्टलवर चालणारं घड्याळ याच सामानात पूर्ण बसतं. बाहेरून एक ४०६० (क्रिस्टल चालवून त्याचे ठोके भागणारा आयसी), क्रिस्टल आणि किरकोळ रेझिस्टन्स-कपॅसिटर एवढंच आणावं लागेल.

आधी ७४९२ चं सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. ६ ने भागणारा काउंटर म्हणून लोक तो दहा सेकंदांच्या जागी लावतात, पुढे ७४४७ जोडतात, आणि डिस्प्लेवर ०, १, २ नंतर एकदम ४, ५, ६ येतं. आयसी खराब नसतो. त्याची आतली मोजणीच तशी आहे, तिसरी पायरी तो गाळतो. भागाकार मात्र चोख सहाचा करतो. म्हणून ७४९२ अशा ठिकाणी लावायचा की जिथे त्याचे आकडे कुणी बघणार नाही. तुमच्याकडे डिस्प्ले चारच आहेत, म्हणजे सेकंद दिसणारच नाहीत. सेकंदांच्या साखळीत एक ७४९० आणि त्यामागे ७४९२ लावा, ६० ने भागून झालं. दाखवायच्या सगळ्या जागी ७४९० ठेवा: मिनिटांना दोन, तासांना दोन. मोजा, पाच होतात.

गंमत पुढेच आहे. ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल ४०६० ला लावला की त्याच्या शेवटच्या, म्हणजे चौदाव्या पायरीवर (पिन ३) २ हर्ट्झ मिळतात. आपल्याला हवा १. आता यासाठी आणखी एक फ्लिपफ्लॉप (२ ने भागणारं सर्किट) आणणार का? गरज नाही. ७४९२ च्या पोटात ६ ने भागणाऱ्या भागाखेरीज २ ने भागणारा वेगळा भाग असतो, तो आपल्याकडे रिकामाच पडलाय. २ हर्ट्झ त्याच्या पिन १४ ला द्या, पिन १२ वर सेकंदाला एक ठोका घ्या. तो सेकंदांच्या ७४९० च्या पिन १४ ला, त्याची पिन ११ परत ७४९२ च्या पिन १ ला, आणि ७४९२ च्या पिन ८ वर मिनिटाला एक ठोका. दोन आयसींत १२० ने भागाकार. त्या काळची माणसं अशीच एकेक गेट वाचवून डिझाइन करायची.

२४ तासच ठेवा. १२ तासांच्या घड्याळात १२ नंतर १ यावा लागतो आणि ७४९० फक्त शून्यावर किंवा नऊवर जातो, एकवर जात नाही. त्यासाठी ७४१९२ (हव्या त्या आकड्यावर नेता येणारा काउंटर) किंवा फ्लिपफ्लॉपची कसरत करावी लागते. २४ तासांत ७४९० चे दोन रिसेट पाय पुरतात, एकही जादा गेट लागत नाही.

मिनिटांच्या दहाच्या जागी: पिन ९ पिन २ ला, पिन ८ पिन ३ ला. ६ आकडा आला की दोन्ही पाय वर जातात आणि तो स्वतःच शून्य होतो. पुढच्यासाठी ठोका त्याच्याच पिन ८ वरून घ्या, पिन ११ वरून नाही. सहाच्या काउंटरमध्ये पिन ११ कधी वर जातच नाही.
तासांना: एककाची पिन ८ दोन्ही आयसींच्या पिन २ ला, दशकाची पिन ९ दोन्हींच्या पिन ३ ला. २ आणि ४ एकत्र आले की दोन्ही शून्य.

८४२३ म्हणजे १९८४ सालचा २३ वा आठवडा. त्या आठवड्यात बनलेला माल.

खटपट्या

काका, हे वाचून सहा आकड्यांचा नाद सोडला. पण ५० हर्ट्झ का नको, ते सांगा ना. ट्रान्सफॉर्मर तर लावायचाच आहे, ठोके फुकट मिळतील.

हॅम्बुर्गकर

यावर मी बोलतो, कारण माझ्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं घड्याळ मेन्सवरच चालतं. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक देशांत अशी घड्याळं हळूहळू मागे पडत गेली आणि शेवटी जवळपास सहा मिनिटं मागे राहिली. कारण इथून दीड हजार किलोमीटरवरचं: सर्बिया आणि कोसोव्होच्या भांडणात तिकडे लागणाऱ्या विजेची भरपाई कुणी केली नाही आणि जाळ्याची फ्रिक्वेन्सी सरासरी ४९.९९६ वर आली. आकडा पाहा, फरक चार हजारांश हर्ट्झचा. एवढ्यानेच सहा मिनिटं गेली. नंतर फ्रिक्वेन्सी मुद्दाम किंचित वर ठेवून ती भरून काढली.

इकडे एरवी ही बेरीज-वजाबाकी नेमाने होते. म्हणून वर्षभराचा हिशोब पाहिला तर मेन्सचं घड्याळ क्रिस्टलपेक्षा बरं ठरतं.

डाग_देणारा

हॅम्बुर्गकरांनी माझं काम सोपं केलं. आपल्याकडे ग्रिड कोडचा (वीजजाळ्याच्या नियमांचा) पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. पन्नासच्या खाली जागा जास्त, वर कमी. समजा सरासरी ४९.९५ राहिली, तर हजारात एक फरक पडतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे घड्याळ रोज ८६ सेकंद मागे. साधा क्रिस्टल लाखात दोन चुकला तर दिवसाला पावणेदोन सेकंद. आता तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या दशकात तर विचारूच नका, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की फ्रिक्वेन्सी ४८.५ पर्यंत उतरायची. मेन्सवरचं घड्याळ तासाला पावणेदोन मिनिटं खायचं. २००२-०३ मध्ये एबीटीची (अवेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ) दरपद्धत आली, कमी फ्रिक्वेन्सीत जास्त वीज ओढणाऱ्याला भुर्दंड बसू लागला, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. शिवाय ५० ने भागायला आणखी दोन ७४९० लागतील, ते तुमच्याकडे नाहीत.

वऱ्हाडी_ठेका

क्रिस्टलच घ्या, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा राव. घड्याळी क्रिस्टल २५ अंशांना बरोबर चालतो. त्याच्यापेक्षा गरम झाला तरी मागे पडते आणि थंड झाला तरी मागेच पडते. फरक अंशांच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, दर अंशवर्गाला साधारण ०.०३४ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक). आमच्या अकोल्यात मे महिन्यात खोलीत ४५ अंश झाले की २० चा वर्ग ४०० गुणिले ०.०३४, म्हणजे साडेतेरा पीपीएम. दिवसाला सव्वा सेकंद फक्त उन्हाळ्याचा. पुण्या-सांगलीला एवढं जाणवणार नाही, पण क्रिस्टल ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या हीटसिंकला चिकटवून ठेवू नका म्हणजे झालं.

आणि माझं वेगळं मत: टीटीएल सोडा, सीमॉस (फार कमी वीज खाणारे आयसी) घ्या. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ४५१८ काउंटर नि ४५११ डिकोडर लावले तर काउंटरला काही मायक्रोअँप पुरतात. तीन पेन्सिल सेल डायोडमधून जोडून ठेवायचे. लाइट गेली की डिस्प्ले विझतो, मोजणी चालू राहते. टीटीएलला हे जमणार नाही, ते बॅटरी दुपारच्या जेवणाआधी पिऊन टाकेल.

प्रयोगवही

वऱ्हाडी दादांचा मुद्दा बरोबर आहे, पण ४५११ कॉमन कॅथोड (सगळ्या पट्ट्यांचं वजा टोक एकत्र असलेल्या) डिस्प्लेला चालतो. खटपट्यांकडे एफएनडी५०७ आहेत, ते अधिक टोक एकत्र असलेले, म्हणजे कॉमन अ‍ॅनोड. सीमॉस घ्यायचं तर डिस्प्लेही बदलावे लागतील, मग डब्यातलं उरतं काय? टीटीएलच करा आणि घड्याळ इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका.

मी पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल लॅब घेते. ७४९० वर दरवर्षी ठरलेल्या दोन तक्रारी येतात, त्या आधीच सांगून ठेवते.

पहिली, "मॅडम, आयसी गरम होतोय, मोजत नाही." ७४९० ला सप्लाय कोपऱ्यातल्या १४ आणि ७ ला नसतो. पिन ५ ला +५ आणि पिन १० ला ग्राउंड. ७४९२ चंही तसंच. ७४०० च्या सवयीने हात आपोआप कोपऱ्यात जातो.

दुसरी, "मॅडम, डिस्प्लेवर ९ च दिसतोय, काही केलं तरी हलत नाही." पिन ६ आणि ७ हे नऊवर नेणारे पाय. टीटीएलमध्ये मोकळा सोडलेला पाय स्वतःला वर समजतो. दोन्ही मोकळे सोडले की काउंटर नऊवर बसून राहतो. सगळ्या ७४९० चे ६ आणि ७ ग्राउंडला जोडा. सेकंद आणि मिनिटांच्या एककाचे २ आणि ३ सुद्धा. ७४९२ चे रिसेट वेगळ्या जागी आहेत, ६ आणि ७ वर, तेही ग्राउंडला. आणि प्रत्येक ७४९० वर पिन १२ ते पिन १ ही छोटी तार विसरू नका, नाहीतर दहाचा काउंटर होतच नाही.

७४४७ जोडल्यावर आधी पिन ३ क्षणभर ग्राउंडला टेकवा. सातही पट्ट्या पेटायला हव्यात. तिथे एखादी पट्टी दिसली नाही तर काउंटरमध्ये शोधत बसू नका, दोष डिस्प्लेच्या वायरिंगमध्ये आहे. तासांच्या दशकाच्या ७४४७ ची पिन ५ ग्राउंडला दिली की पुढचा शून्य दिसत नाही, ०९:०५ ऐवजी ९:०५. ६ ला वरची आणि ९ ला खालची शेपटी येणार नाही, ७४४७ तसाच काढतो. शेपटी हवीच असेल तर ७४२४७, पण मला जुनीच धाटणी आवडते.

रेझिस्टन्स प्रत्येक पट्टीला वेगळा, २८ लागतील. कॉमन पायावर एकच लावून पैसे वाचवले तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसतो.

खटपट्या

ताई, ९ वाली गोष्ट सोन्यासारखी आहे. रेझिस्टन्स किती ओहमचे घेऊ? आणि सप्लायचं काय? साधे टीटीएल जास्त खातात असं ऐकलंय.

चाळीस_वॅट

सप्लायचा हिशोब मी देतो. साधा ७४९० साधारण ३० मिलीअँप घेतो, एलएस ९ च्या आसपास. साधा ७४४७ तर ६० च्या वर, एलएस ७. तुमचे चारही साधे असतील तर नुसत्या डिकोडरचेच अडीचशे. काउंटर सव्वाशे-दीडशे. डिस्प्लेला ३३० ओहम लावले तर पट्टीला ९ मिलीअँप, सगळ्या पेटल्या तर अडीचशे. एकूण साडेसहाशे-सातशे धरा. ७८०५ ला हीटसिंक लागेलच. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे फिल्टरवर अकराएक व्होल्ट, वरचे सहा व्होल्ट ७८०५ उष्णतेत घालवणार. चार वॅट होतात, बोट ठेववत नाही.

त्यापेक्षा मोबाइलचा ५ व्होल्ट २ अँपचा चार्जर घ्या आणि ७८०५ ला सुट्टी द्या. केबल मात्र जाड आणि आखूड. टीटीएलला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. फुटपाथवरच्या बारीक केबलीत सातशे मिलीअँपला ४.५ सुद्धा पोचत नाहीत आणि मग काउंटर उड्या मारतात. मल्टीमीटर चार्जरवर नको, लांबच्या टोकाच्या आयसीच्या ५ आणि १० पायांवर लावून बघा.

एफएनडी५०७ जुने आहेत, आताच्या मानाने मंद. ३३० वर फिके वाटले तर २२० लावा. पुढे कधी एलटी५४२ (नंतरचे उजळ डिस्प्ले) घातलेत तर ४७० सुद्धा पुष्कळ.

दर एका-दोन आयसीमागे १०४ चा (०.१ मायक्रोफॅरॅड) सिरॅमिक कपॅसिटर, आयसीला खेटून, ५ आणि १० मध्ये. बोर्डाच्या तोंडाशी १०० मायक्रोचा इलेक्ट्रोलिटिक. पंखा बंद केला की मिनिट पुढे जातंय अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी हेच लावलेलं नसतं.

शून्य_एक

बरं, एवढं सगळं वाचून आता मलाही खाज सुटलीय. ४०६० सरळ ७४९२ ला जोडला तर चालतो ना?

डाग_देणारा

या या, शून्य_एक. नाही, सरळ नका जोडू. अगदी हाच सांधा लोकांना रडवतो. टीटीएलच्या इनपुटला खाली ओढावं लागतं, आणि ७४९०-७४९२ चे ठोक्याचे पाय त्यातही खादाड, अडीच-तीन मिलीअँप मागतात. सीडी४०६० ला ५ व्होल्टवर अर्धा-एक मिलीअँप जेमतेम ओढता येतो. कधी चालतं, कधी नाही, गार सकाळी एक नि दुपारी दुसरंच. मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका: ४०६० च्या पायापासून २२के बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला १के वरून +५, आणि कलेक्टर ७४९२ च्या पिन १४ ला. ७४एचसी४०६० मिळाला तर तो स्वतःच्या जोरावर ओढतो, ट्रान्झिस्टर लागत नाही. नावातला 'एचसी' नीट वाचून घ्या.

क्रिस्टलची मांडणी: ४०६० च्या ११ आणि १० मध्ये १० मेगाओहम. क्रिस्टलचा एक पाय ११ ला, दुसरा ३३०के मधून १० ला. क्रिस्टलच्या दोन्ही पायांवरून ग्राउंडला २२ पिकोफॅरॅड, त्यातल्या एका जागी ट्रिमर. पिन १२ ग्राउंडला. हे ब्रेडबोर्डवर करू नका, तिथल्या पट्ट्यांची स्वतःची कपॅसिटी असते, क्रिस्टल चुकीच्या जागी बसतो. एवढा भाग पहिल्यापासून जीपी बोर्डवर (डाग द्यायच्या भोकांच्या बोर्डवर), क्रिस्टलच्या तारा आखूड.

आता वेळ लावायची सोय. बटणं, डीबाउन्स, काही नको. ४०६० च्या पिन ७ वर २०४८ हर्ट्झ असतात, पिन १३ वर ६४. पिन ३ च्या ऐवजी बेसच्या २२के ला स्विचने पिन ७ जोडली की घड्याळ १०२४ पट वेगाने पळतं, अख्खा दिवस ८४ सेकंदांत. पिन १३ वर ३२ पट, मिनिट दोन सेकंदांत. तास गाठायला जलद, मिनिट गाठायला हळू, आणि मग परत पिन ३. एमएम५३१४ सारख्या जुन्या क्लॉक चिपांना जलद आणि हळू असे पाय असायचे, तीच युक्ती. तपासणीलाही हेच वापरा, नाहीतर २३:५९ नंतर काय होतं ते बघायला रात्री जागाल.

वऱ्हाडी_ठेका

हे ८४ सेकंदांत दिवस म्हणजे आमच्या ऑफिसात लावायला पाहिजे.

खटपट्या

:) ४०६० आणि क्रिस्टल कुठून घ्यावा? सांगलीत ४०६० मिळतो, एचसीला दुकानदार "तेच ते" म्हणाला. आणि एक-दोन ७४९० जादा घेऊन ठेवावेत असं वाटतंय.

चाळीस_वॅट

"तेच ते" म्हणणाऱ्याकडून साधा ४०६० घ्या आणि बीसी५४७ लावा, वाद घालू नका. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. आजही तिथे 'नाइन्टी' म्हटलं की जुने दुकानदार मान न वर करता खण उघडतात.

घेताना छपाई बघा. पृष्ठभाग खरवडल्यासारखा, कडा गोलसर, अक्षरं फार पांढरी-ताजी आणि तारीख मात्र ऐंशीच्या दशकातली, असं असेल तर संशय घ्या. एसीटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून बघा. वरचा काळा थर कापसावर आला तर खाली दुसऱ्याच नंबराचा आयसी आहे.

तुमच्या डब्यातल्यांचे पाय काळे पडले असतील तर घाबरू नका. चांदीचा मुलामा काळवंडतो, आयसी आतून ठीक असतो. खोडरबरने हलकेच पुसा. गंजून तपकिरी आणि ठिसूळ झालेला पाय मात्र बेसमध्ये घालतानाच मोडतो. आणि बेस घेताना गोल पिनांचे घ्या, पत्र्याच्या पट्टीचे स्वस्त बेस काही वर्षांनी सैल होतात.

प्रयोगवही

अवांतर: रशियन माल हाती लागला तर सोडू नका. के१५५आयई२ म्हणजे ७४९०, के१५५आयई४ म्हणजे ७४९२. नमुना तोच, फक्त नंबर वेगळा. निक्सी ट्यूब (आकडे दाखवणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्या) चालवायचा के१५५आयडी१ (आपला ७४१४१) तर अजून लोक शोधत फिरतात.

हॅम्बुर्गकर

निक्सीचं नाव काढलंत! इथल्या जुन्या बाजारात मी त्यासाठीच जातो. पण खटपट्या, पहिल्या घड्याळाला नको. १७०-१८० व्होल्ट लागतात.

खटपट्या

मंडळी, बोर्ड चालू झाला. आधी सेकंद, मग मिनिटं असं टप्प्याटप्प्याने जोडत गेलो. दोन एलएस तासांना घातले. जलदवर पळवताना तास-मिनिटं झरझर सरकतात ते बघत बसावंसं वाटतं, घरातले हसतात. एकच अडचण. २३:५९ नंतर बहुतेक वेळा ०:०० येतं, पण अधूनमधून ४:०० येतं. १०४ सगळ्यांना लावलेत, सप्लाय शेवटच्या आयसीवर ४.९८.

डाग_देणारा

४ येतो म्हणजे दशक शून्य झाला, एकक राहिला. कारण साधं आहे. २४ आला की रिसेट मिळतो, पण दोघांपैकी जो आधी शून्य होईल तो रिसेटच काढून घेतो. दुसऱ्याला काही नॅनोसेकंद कमी पडले की तो तसाच राहतो. दोन आयसी कधी तंतोतंत एका वेगाचे नसतात. मिनिटांच्या सहाला हा त्रास होत नाही, कारण तिथे आयसी एकच आहे.

एकक आणि दशकाची अदलाबदल करून बघा, कित्येकदा तेवढ्याने भागतं. पण पक्कं काम हवं असेल तर डब्यातला एक ७४०० काढा. चारही गेट कामाला येतात, एकही वाया जात नाही.

तासांच्या एककाची पिन ८ → ७४०० पिन १. दशकाची पिन ९ → पिन २.
मिनिटांच्या दशकाची पिन ८ → पिन ४ आणि ५ दोन्ही.
पिन ३ → पिन ९. पिन ६ → पिन १२.
पिन ११ → पिन १०. पिन ८ → पिन १३.
आणि पिन ८ → तासांच्या दोन्ही ७४९० च्या २ आणि ३. जुन्या रिसेटच्या तारा काढून टाका.
सप्लाय इथे कोपऱ्यात, १४ आणि ७.

२४ आला की पहिलं गेट लॅचला (एकदा मिळालेली अवस्था धरून ठेवणाऱ्या, शेवटच्या दोन गेटांच्या जोडीला) टोचतं आणि लॅच रिसेट धरून ठेवतं, कोण आधी शून्य झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सोडायचं कधी? मिनिटं ४० झाली की मिनिटांच्या दशकाची पिन ८ वर जाते, तेव्हा दुसरं गेट लॅच मोकळं करतं. रात्री बारा ते बारा-चाळीस तास शून्यावर धरलेले राहतात, आणि त्या वेळात ते शून्यच असायला हवेत. एक वाजायच्या आत वाट मोकळी.

प्रयोगवही

किती सुंदर! वर्गात हेच देणार, नाव न छापता.
एक भर घालते: वीज आल्यावर हे लॅच कोणत्या बाजूला पडेल याचा नेम नाही. धरलेल्या बाजूला पडलं तर मिनिटं ४० ओलांडेपर्यंत तास हलणार नाहीत. जलदवर टाकलं की आपोआप सुटतं, त्यामुळे काळजी नको. पण पुढे कधी तासांना वेगळं बटण लावायची हौस आली तर हे आठवा. मिनिटं चाळीसच्या आत असताना बटणाने २३ वरून पुढे गेलात की घड्याळ शून्यावर अडकून बसेल.

खटपट्या

७४०० लावला. जलदवर कितीतरी वेळ पळवलं, ४:०० एकदाही नाही. आता डबी. दिवसा खिडकीच्या उजेडात आकडे नीट दिसत नाहीत, २२० लावूनही. काय करावं?

चाळीस_वॅट

करंट वाढवू नका, समोर लाल अ‍ॅक्रिलिक लावा. पारदर्शक लाल, दुधी नको. डिस्प्लेची न पेटलेली पांढरट पट्टी आणि मागचा बोर्ड दोन्ही त्यात बुडून जातात, पेटलेलं तेवढं उरतं. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, मागितले तर असेच देतात. नेताना एक डिस्प्ले सेलवर पेटवून सोबत न्या आणि तिथेच लावून बघा, लालातही दोन-तीन छटा असतात.